ताई, तुझा सर्व्हर मला ओळखत नाही

ताई,

सगळ्यात आधी हे सांगतो की मी लॉग वाचला. वाचून वाचून डोळे गेले. सर्व्हरने स्वतःची म्हणून जी नोंद ठेवलेली असते, तिच्यात पानोपानी एकच वाक्य आहे: पासवर्ड जुळत नाही. कुणाचा जुळत नाही? कुणाचाच नाही. का जुळत नाही? ते लिहिलेलं नाही. "धन्या, लॉग वाचल्याशिवाय तोंड उघडू नकोस," असं तू मला आयुष्यभर सुनावत आलीस. वाचला, बाई. आता तोंड उघडतो.

तू गेलीस त्याला अजून महिना झालेला नाही. लोक भेटायला येतात आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. किती हुशार होत्या, किती शांत होत्या. शांत! मी मान डोलावतो आणि चहा पुढे करतो. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझा जन्म कुठला, हे सगळं भावोजींनी पेपरात दिलं आहे, फोटोही बरा आला आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्यावर राग काढायचा आहे, आणि तो ऐकून घेईल असं माणूस माझ्याकडे एकच होतं.

ठाण्यातलं खोपटचं ऑफिस तसंच आहे. खिडकी उघडली की एसटी डेपोतल्या घोषणा आत येतात. तुझ्या खुर्चीवर मी बसत नाही, कारण ती तू इतकी खाली करून ठेवली आहेस की माझे गुडघे टेबलाला लागतात, आणि वर करायचा खटका मला सापडत नाही. तू डोंबिवलीहून यायचीस, मी कल्याणहून, आणि दोघं मिळून काय करायचो तर लोकांची ईमेल सांभाळायचो. डोंबिवली एमआयडीसीतले सावेकाकांसारख्यांचे छोटे कारखाने, वागळे इस्टेटमधली दोन-चार वर्कशॉप, काही शाळा, एक छापखाना. सर्व्हर तुझा, फोन माझे. म्हणजे बिघडलेलं तू दुरुस्त करायचीस आणि बिघडल्याबद्दलच्या शिव्या मी खायचो.

आजच्या दिवसांत कोण स्वतःचा मेल सर्व्हर चालवतं गं? हे मी तुला किती वेळा विचारलं. सगळ्यांना एखाद्या मोठ्या कंपनीच्या मेलवर नेऊन टाकू, आपण सुटू, असं मी म्हणायचो. तू स्क्रीनवरून नजर न काढता विचारायचीस, "आणि सावेकाका त्या मोठ्या कंपनीला फोन लावतील?" मी म्हणायचो, लावतील नाहीतर शिकतील. तू म्हणायचीस, "तुला माणसांचा कंटाळा आलाय." मी म्हणायचो, "हो, आलाय." यापुढे आपलं भांडण कधी गेलंच नाही. दर वेळी कुणाचा तरी फोन वाजायचा आणि तो मलाच घ्यावा लागायचा.

तू गेल्यावर मी मनाशी ठरवलं होतं की आता बंद करायचं. खरंच ठरवलं होतं. सगळ्यांना कळवायचा मजकूरही लिहून ठेवला होता. मग आला तुझा दहावा.

तुला यातलं काहीच मान्य नव्हतं हे आम्हाला माहीत होतं. पण भावोजींच्या आईपुढे कोण बोलणार? आम्ही खडवलीला नदीवर गेलो. गुरुजींनी सगळं केलं, पिंड मांडला, आणि आम्ही मागे सरकून उभे राहिलो. कावळे होते, भरपूर होते. बाभळीवर बसून आमच्याकडे बघत होते. एकही खाली येईना. मग सुरू झालं. भावोजी हात जोडून म्हणाले, "आईची काळजी घेईन." कावळा नाही. मावशी म्हणाली, "तुझ्या झाडांना पाणी घालीन गं, त्या तुळशीलाही आणि त्या तुझ्या काटेरी मेल्यांनाही." कावळा नाही. कुणी म्हणालं घर विकणार नाही, कुणी म्हणालं तुझ्या नावाने शाळेला पुस्तकं देऊ. ऊन चढत गेलं. गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले. भावोजींची आई रडायला लागली की सुनेचा जीव कशात तरी अडकलाय.

भावोजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "धनंजय, सर्व्हरचं बोल."

"भावोजी, काहीतरीच काय?"

"अरे बोल ना यार. दुसरं काय असणार तिचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले आणि म्हणालो, "ताई, सर्व्हर मी चालवीन." काही नाही. मग कुठून सुचलं देव जाणे, मी म्हणालो, "आणि कुणाचं जुनं पत्र वाया जाऊ देणार नाही." एक कावळा उतरला. उतरला, शितं उचलली आणि मला अडकवून उडून गेला. भावोजींची आई म्हणाली, "बघा, शिवला!" मला माहीत आहे, तू म्हणाली असतीस की कावळ्याला तेव्हाच भूक लागली. मीही तेच म्हणतो. पण चारचौघांत, नदीच्या काठावर, तुझ्या सासूच्या देखत दिलेला शब्द आहे. तो मजकूर मी पुसून टाकला.

आता हे "जुनं पत्र वाया जाणं" म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगावं लागतं, आणि हल्ली ते मलाच सांगावं लागतं. तू नुसते पासवर्ड जपले नव्हतेस, पत्रांनाही कुलूप घातलं होतंस. प्रत्येकाची पेटी ज्याच्या त्याच्या पासवर्डनेच उघडायची. नवं पत्र पेटीत पडताना आपोआप बंद व्हायचं, पण वाचायला त्या माणसाचा पासवर्ड हवाच. आपण ऑफिसात बसून त्याला नवा पासवर्ड देऊ शकतो, नाही असं नाही. पण तसं केलं की पुढची पत्रं दिसतात आणि मागची सगळी जागच्या जागी मेलेली. ती ना त्याला वाचता येत, ना आपल्याला.

आणि तो पासवर्ड तुझ्याकडे तरी होता का? नव्हता. डेटाबेसच्या टेबलात प्रत्येकाच्या नावापुढे अक्षरांची एक लांबलचक शेपटी आहे, पासवर्डचा केलेला लगदा. तू ग्राहकांना समजवायचीस, "वाटलेल्या चटणीतून खोबऱ्याचा तुकडा परत काढता येईल का हो? नाही ना? पण दोन चटण्या एकाच घरच्या आहेत का ते चवीवरून कळतं. सर्व्हर तेवढंच करतो, चव बघतो." बायकांना ते लगेच कळायचं. पुरुष म्हणायचे, पण मॅडम, तुम्ही आमचा पासवर्ड सांगू शकत नाही म्हणजे काय? तुम्हीच तर बनवलंय ना सगळं?

देवधरबाई आठवतात तुला? आठवणारच. छापखान्याचे देवधर गेल्यावर त्या इथे आल्या होत्या, या समोरच्या स्टुलावर बसल्या होत्या. नवऱ्याच्या पेटीत काय आहे ते त्यांना बघायचं होतं. हिशेब वगैरे काही नाही, नुसतं बघायचं होतं. तू सांगितलंस की उघडता येत नाही. त्या गेल्यावर मी विचारलं, "येत नाही की उघडायचं नाही?" तू म्हणालीस, "दोन्ही." मी तुला दगड म्हणालो. तू म्हणालीस, "देवधरांनी ती त्यांच्या नावावर ठेवली होती, धन्या, बायकोच्या नाही." मी म्हणालो की मग एक दुसरी किल्ली करून ठेवायला हवी होतीस, अशा वेळेसाठी. तू म्हणालीस, "दुसरी किल्ली असली की ते कुलूप नसतं." ते भांडण अर्धवट राहिलं आहे. माझं मत बदललेलं नाही हे तुला कळावं म्हणून सांगतो. तू चुकलीस. तेव्हाही चुकलीस आणि स्वतःच्या बाबतीतही चुकलीस, पण त्याकडे मी नंतर येतो.

तर झालं असं. ज्यांच्याकडून आपण सर्व्हरचं मशीन भाड्याने घेतलं होतं, त्यांनी कळवलं की जुनी मशीनं महिनाअखेरीस बंद होणार. हे तुला माहीत होतं, तू नवं मशीन घेऊनही ठेवलं होतंस. हलवायचं तेवढं राहिलं आणि तू गेलीस. ते काम माझ्या अंगावर. मी, ज्याला तू शेवटपर्यंत "फोनवाला" म्हणालीस.

मी डेटाबेस उतरवून घेतला, नव्या मशीनवर चढवला. पेट्या नेल्या. तुझी सेटिंगची जुनी फाइल नव्या आवृत्तीला पचेना, म्हणून पुस्तकात बघून नवी लिहिली. आणि जोडून पाहिलं तर सर्व्हर प्रत्येकाला दारातूनच परत पाठवतोय. पासवर्ड जुळत नाही. स्वतःच्या पासवर्डने मी गेलो, मलाही नाही. एवढी वर्षं मी या सर्व्हरचे फोन घेतले, ताई, आणि तो मला ओळखत नव्हता.

फोन सुरू झाले. सावेकाका तर दर तासाला. "धनंजय, अरे मटेरियलचे पेपर मेलमध्ये आहेत. नवीन पासवर्ड देऊन टाक ना, काय फरक पडतो?"

"काका, नवीन दिला तर जुने पेपर जातील."

"असं कसं जातील? तुमच्याकडेच आहेत ना?"

"आहेत, पण उघडणार नाहीत."

"मग काय उपयोग, सांग मला. ताई असत्या तर असं झालंच नसतं."

हे वाक्य मी या दिवसांत इतक्या लोकांकडून ऐकलं की फोन उचलतानाच दात आवळायला लागलो. ताई असती तर झालं नसतं, हे मला माहीत नाही का? ताई नाहीये हाच तर प्रॉब्लेम आहे.

एक अख्खा दिवस मी कसा घालवला ते ऐक आणि हस. मेलच्या प्रोग्रॅममध्ये तो एक पर्याय असतो बघ, पासवर्ड कसा पाठवायचा. एक "साधा" आणि एक "एन्क्रिप्टेड". मी आपला शहाण्यासारखा दुसरा निवडून बसलो होतो. आपण सगळं एन्क्रिप्ट करणारे लोक, आपल्याला साधा कसा चालेल? दिवसभर टेबल तपासलं, नावं तपासली, मशीन बंद करून चालू केलं. संध्याकाळी खाली चहा पिताना आठवलं की तू याच गोष्टीवरून माझी बिनपाण्याने केली होतीस. तो पर्याय चालायला सर्व्हरकडे मूळ पासवर्ड जसाच्या तसा असावा लागतो. आपल्याकडे तर चटणी. म्हणून आपल्या इथे साधाच निवडायचा, कारण सर्व्हरपर्यंतची वाट आधीच बंद नळीतून जाते. "ज्याला जास्त काळजी, तोच बाहेर राहतो," असं तू तेव्हा हसत म्हणाली होतीस. मी तेव्हा हसलो नव्हतो आणि या वेळीही नाही.

पण ते दुरुस्त करूनही दार उघडलं नाहीच. मग मी तू सांगायचीस तसं केलं. फक्त माझं एकट्याचं नाव धरलं आणि टेबलातली शेपटी एकेक अक्षर बघत बसलो. शेपटीच्या सुरुवातीच्या खुणेवरून ती कुठल्या पद्धतीने वाटली आहे ते कळतं, हे मला पुस्तकात सापडलं. तुझी पद्धत जुनी, नवा सर्व्हर आपल्या नव्या पद्धतीने वाटून बघत होता. मिक्सरची चटणी आणि पाट्यावरची चटणी, चव कुठून जुळणार? एक ओळ लिहायची होती. एक. ती लिहिली आणि मी आत गेलो. माझी जुनी पत्रं समोर आली. मी टाळी वाजवली, आणि ऑफिसात टाळी ऐकायला कुणी नाही हे तेव्हा लक्षात आलं. मग रडलो. सांगायला लाज कसली.

वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! निम्मे लोक आत गेले आणि निम्मे बाहेरच. शाळा आत, वर्कशॉप बाहेर. ज्या सावेकाकांचे फोन थांबावेत म्हणून मी जिवाचं रान केलं, ते बाहेर. वर त्यांचा कारखान्यातला कॉम्प्युटर आत आणि मोबाईल बाहेर. पासवर्ड तोच, माणूस तोच. मी फोनवर म्हणालो, "काका, नीट टाइप करा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर चालणार नाही."

"अरे मी कधी वेगळा टाकला? इतकी वर्षं हाच टाकतोय."

हे मला खोटंच वाटलं. तूच शिकवलं होतंस ना मला? पासवर्ड म्हणजे पासवर्ड. आणि मी ते इमानेइतबारे लोकांना ऐकवत आलो, कधी गोड, बहुतेक वेळा तिखट. शेवटी वैतागून डोंबिवलीला उतरलो आणि रिक्षा करून एमआयडीसीत गेलो, त्यांच्या शेडवर. ड्रम रचलेले, तो नाकात जाणारा वास, आणि मधोमध काका प्लास्टिकच्या खुर्चीवर. तुझ्यासाठी ठेवलेली वेगळी खुर्ची अजून होती. म्हणाले, "बस. ताई इथेच बसायच्या. मी पासवर्ड टाकताना पाठ फिरवून त्या ड्रमांकडे बघत बसायच्या. मी म्हणायचो, बघा हो, तुमच्यापासून काय लपवायचं? तर म्हणायच्या, काका, माझी सवय बिघडेल."

"मी बघणार आहे काका. आज बघितल्याशिवाय इलाज नाही."

"बघ ना बाबा."

त्यांनी मोबाईल काढला. व्हॉट्सअप उघडलं. काकूंनी त्यांना कधीतरी पासवर्ड पाठवून ठेवला आहे, तिथून ते उचलतात आणि चिकटवतात. माझ्या अंगावर काटा आला, पण ते सोड. मी चष्मा वर करून नीट बघितलं. काकूंच्या मोबाईलने पहिलं अक्षर मोठं केलेलं. शेवटी एक मोकळी जागा सुटलेली. आणि पुढचे आकडे मराठीत. काकूंचा कीबोर्ड मराठी, त्यांनी आकडे मराठीत टाकले, काकांनी ते तसेच चिकटवले. एका पासवर्डात तीन चुका. हा जगातल्या कुठल्याच सर्व्हरने आत घ्यायला नको होता.

"काका, हे याच मोबाईलवरून चालायचं? असंच?"

"असंच. एकदाही अडलं नाही. तुझी शप्पथ."

परत येताना मला शंका आली ती तुझीच. खोपटला येऊन जुन्या मशीनवर बसलो, ते अजून चालू होतं. तुझी जुनी सेटिंगची फाइल, जी मी पचत नाही म्हणून टाकली होती, ती पहिल्यापासून वाचली. त्यात सर्व्हर आणि डेटाबेस यांच्या मध्ये तू एक लहानसा प्रोग्रॅम बसवला होतास. नाव काहीतरी साधंच, कुणाचं लक्षही जाऊ नये असं. कुणी पासवर्ड दिला की तो आधी आहे तसा तपासायचा. नाही जुळला, तर मागची मोकळी जागा काढून. तरी नाही, तर पहिलं अक्षर लहान करून. तरी नाही, तर मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून. आणि एवढं करूनही नाही जुळला, तरच सांगायचं की जुळत नाही.

मी तो वाचून खुर्चीत, तुझ्या त्या बुटक्या खुर्चीत, बसून राहिलो. गुडघे दुखायला लागले तरी उठलो नाही.

ताई, हा काय प्रकार आहे? मला दम देणारी तू. एक अक्षर इकडचं तिकडे नाही म्हणणारी तू. माझ्या तोंडून लोकांना तेच वदवून घेणारी तू. आणि आतल्या बाजूला तू सगळ्यांना माफ करत होतीस? गुपचूप? वर्कशॉपमधला तो पोटे, ज्याच्याशी मी फोनवर आवाज चढवून बोललो की नीट टाका, आणि त्याने पुन्हा तसाच टाकला आणि तो आत गेला, आणि मी म्हणालो, बघा, नीट टाकलं की होतं. त्याने नीट टाकलाच नव्हता! तू आत घेतलंस त्याला. मी विजयी मुद्रेने फोन ठेवला तेव्हा तू शेजारी बसून चहा पीत होतीस. एक शब्द बोलली नाहीस.

का नाही सांगितलंस? मी खूप विचार केला. एक कारण असं सुचतं की मी सगळ्यांना सांगत सुटलो असतो की काही टाका, चालतंय. दुसरं असं की हे असं करणं कुलपाच्या दृष्टीने बरोबर नाही, दार थोडं सैल होतं, आणि ते माझ्यासमोर कबूल करायला तुला जड गेलं असतं. दुसरी किल्ली नाही म्हणणाऱ्या बाईने चौकट तासून ठेवली होती. या मुद्द्यावर मी तुला चांगलं कोंडीत पकडलं असतं. देवधरबाईंसाठी नियम आणि काकूंच्या कीबोर्डसाठी सूट, असं कसं? तू काय उत्तर दिलं असतंस तेही मला साधारण कळतं. घरातला माणूस दारात अडखळला तर त्याला हात द्यायचा, पण तो घरातलाच असायला हवा. असंच काहीतरी. मी म्हणालो असतो, देवधरबाई घरातल्या नव्हत्या? आणि मग तू काय म्हणाली असतीस, इथे मी अडतो. इथून पुढचं मला एकट्याला येत नाही. भांडण दोघांचं असतं, ताई. अर्धं सामान घेऊन तू निघून गेलीस.

आणि तरी, खरं सांगू? तो प्रोग्रॅम वाचताना मला इतकं बरं वाटलं. आपण लहान असताना मी शाळेत डबा विसरायचो आणि तू मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात यायचीस, सगळ्यांसमोर माझी अक्कल काढायचीस, आणि स्वतःचा डबा माझ्यासमोर आपटून जायचीस. नंतर तू काय खाल्लंस हे मी कधी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. तुझं प्रेम करणं हे असंच होतं. त्याचा त्रास व्हायचा. त्याच्यावाचून राहायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

तो प्रोग्रॅम मी नव्या मशीनवर जसाच्या तसा बसवला. एका ओळीलाही हात लावला नाही. सावेकाका मोबाईलवरून आत गेले, त्यांचे पेपर सापडले. पोटे आत गेला. एकेक करून सगळे आत गेले, आपापल्या चुकांसकट, आणि कुणाचंही जुनं पत्र वाया गेलं नाही. काका म्हणाले, "बघ, नीट बघितलंस की होतं." मी "हो काका" म्हणालो. जुनं मशीन त्यांनी ठरल्या दिवशी बंद केलं.

आणि हेही सांगून ठेवतो. यापुढे जो नवा माणूस येईल त्याला मी विचारणार आहे की दुसरी किल्ली घरातल्या कुणाकडे ठेवायची आहे का. हवी तर ठेवीन, नको तर नाही. तुला पटणार नाही. नको पटू दे. सर्व्हर आता मी चालवतो.

राहिली एक पेटी. तुझी.

भावोजी परवा ऑफिसात आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "तिचं मेल बघता येतं का रे?"

मी म्हणालो, "तुम्हाला पासवर्ड माहीत आहे?"

"मला कुठला माहीत? तिने कधी सांगितला नाही, मी कधी विचारला नाही."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. नवा पासवर्ड घालता येतो, तो माझ्या हातात आहे, दोन मिनिटांचं काम. पण मग मागचं सगळं कायमचं जाईल. आणि आहे तसं ठेवलं तर काहीच जाणार नाही, फक्त कुणाला वाचता येणार नाही. आलेली पत्रं आत पडत राहतील. हे सांगताना माझा आवाज तुझ्यासारखा कोरडा झाला होता, हे मला माझंच ऐकू येत होतं. समोरच्या स्टुलावर भावोजी होते. मला तुझ्यावर त्या क्षणी इतका संताप आला म्हणून सांगू. एक दुसरी किल्ली, ताई. एक. या माणसासाठी तरी.

 भावोजी म्हणाले, "राहू दे. तिचं आहे ना ते, राहू दे. पत्रं येतायत अजून?"

"येतायत."

"येऊ देत मग," म्हणाले आणि उठले. जिन्यात त्यांना हाताला धरून उतरवावं लागलं.

म्हणून तुझी पेटी चालू आहे. नव्या मशीनवर, सगळ्यांच्या रांगेत. कारखान्यांची पत्रं येतात, जाहिराती येतात, तू गेलीस हे ज्यांना कळलेलं नाही त्यांचीही येत असतील. पडताना बंद होतात आणि मला लॉगमध्ये नुसती एक ओळ दिसते की पोचलं.

काल संध्याकाळी, सगळं शांत झाल्यावर, मीही तुला एक पत्र पाठवलं. हे नव्हे, दुसरं. हे उघडं पत्र आहे, सगळे वाचतील. त्यात मी जे लिहिलं ते तुला कधी तोंडावर बोललो नसतो, आणि इथेही लिहिणार नाही. पाठवलं आणि माझ्याकडची प्रत पुसून टाकली. लॉगमध्ये ओळ आली: पोचलं. आता ते तुझ्या कुलपात आहे, मलाही परत वाचता येणार नाही. तुझ्याशी बोलताना शेवटचा शब्द माझा होण्याची ही पहिलीच वेळ, ताई. मला तो नकोय गं. काहीतरी बोल.